सहा तासांचे पाहुणे

सदर : गावोगावच्या वेशी

दोस्तांनो, पाहुण्यांवर आपल्याकडे म्हणींना तोटा नाही. पाहुणा पहिल्या दिवशी पाहुणा असतो, दुसऱ्या दिवशी घरचा होतो आणि तिसऱ्या दिवशीही हलला नाही, तर ‘याची अक्कल गेली कुठे?’ असं घरातली मंडळी हळूच म्हणू लागतात. पण जो पाहुणा सकाळी आठला येतो आणि दुपारी दोनला निघूनही जातो, त्याला काय म्हणायचं? आणि तोही एकटा नाही, आपल्याबरोबर दोन-तीन हजार सोबती घेऊन येतो!

आज आपण ज्या गावाच्या वेशीतून आत शिरणार आहोत, तिथे असे पाहुणे उन्हाळ्यात जवळजवळ रोज येतात. गावाचं नाव डुब्रोव्हनिक. घरात नकाशांचं पुस्तक असेल तर उघडा पाहू. इटलीचा बूट सापडला? त्या बुटाच्या टाचेच्या बाजूला जो लांबट समुद्र दिसतो, तो एड्रियाटिक समुद्र. त्याच्या पलीकडच्या काठावर क्रोएशिया नावाचा देश आहे. या देशाच्या अगदी दक्षिणेकडच्या टोकाला, समुद्रात शिरलेल्या खडकावर, हे जुनं तटबंदीचं गाव बसलं आहे. जवळच्या डोंगरावर पूर्वी ओकच्या झाडांचं रान होतं. तिकडच्या भाषेत अशा रानाला ‘डुब्रावा’ म्हणतात. त्यावरूनच हे नाव पडलं. गावाचं दुसरं जुनं नाव रागुसा.

समजा, तुम्ही आई-बाबांबरोबर एका मोठ्या प्रवासी जहाजावर आहात. हे जहाज म्हणजे तरंगतं हॉटेलच. रात्री तुम्ही झोपलेले असताना ते चालतं आणि सकाळी जाग येते तेव्हा खिडकीबाहेर नवं गाव! जहाज ग्रूझच्या बंदराला लागतं, शिडी खाली येते. कर्ण्यावरून सूचना होते, ‘दुपारी दीडच्या आत परत या. दोनला जहाज सुटेल.’ जुनं गाव बंदरापासून तीनेक किलोमीटरवर आहे. बसने जाऊन येण्यातच काही वेळ जाणार. मग उरलेल्या वेळात पाहायचं काय? चला, घड्याळ लावून निघू या.

झुलत्या पुलावरून आत

गावाच्या पश्चिमेला पिले नावाची वेस आहे. तिच्यापुढे खंदक आणि लाकडी झुलता पूल. पूर्वी रोज संध्याकाळी हा पूल साखळ्यांनी वर ओढत आणि वेस बंद करत. वेशीवर एक दगडी मूर्ती दिसते. दाढीवाले एक साधुपुरुष आहेत आणि त्यांच्या हातात चक्क एक छोटंसं गाव आहे! हे संत व्लाहो, गावाचे राखणदार. हातातलं ते गाव म्हणजे डुब्रोव्हनिकच. गावात ठिकठिकाणी त्यांच्या अशा मूर्ती आहेत. दर वर्षी ३ फेब्रुवारीला त्यांचा उत्सव असतो.

गावाभोवतीचा तट १,९४० मीटर लांब आहे आणि काही ठिकाणी २५ मीटर उंच. म्हणजे साधारण आठ मजली इमारतीएवढा. तटावरून सगळ्या गावाला फेरी मारता येते. तटाबाहेर एका उंच खडकावर लोव्रियेनात्स नावाचा किल्ला आहे. या किल्ल्याची एक गंमत ऐका. शत्रूच्या बाजूला असलेल्या त्याच्या भिंती १२ मीटरपर्यंत जाड आहेत, पण गावाकडची भिंत फक्त ६० सेंटीमीटर! असं का बरं? दगड संपले म्हणून? छे! उद्या किल्लेदारच फितूर झाला आणि त्याने तोफा गावावर फिरवल्या, तर गावकऱ्यांना ती भिंत पाडता यावी म्हणून. पाठीराख्यावरही थोडी नजर असू द्यावी, हे त्या लोकांना ठाऊक होतं.

सोळा कोपऱ्यांचा हौद

वेशीतून आत आलात की उजव्या हाताला घुमटाचा मोठा दगडी हौद दिसेल. त्याला सोळा बाजू आहेत आणि प्रत्येक बाजूला एक कोरलेला मुखवटा आहे. मुखवट्याच्या तोंडातून पाणी पडतं. ओनोफ्रियो नावाच्या इटालियन कारागिराने १४३० ते १४४० च्या दरम्यान हे काम केलं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी सुमारे बारा किलोमीटरवरून, फक्त उताराच्या जोरावर त्याने गावात आणलं. ना पंप, ना वीज! पाणी अजून वाहतं आणि प्यायलाही चालतं. बाटली भरून घ्या आणि पुढे चला.

हौदासमोरच फ्रान्सिस्कन साधूंचा मठ आहे. त्यात १३१७ साली औषधांचं दुकान सुरू झालं आणि मठात आजही औषधांचं दुकान चालतं. विचार करा, शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून तीनशेहून जास्त वर्षं होती, तेव्हा इथे खलबत्त्यात औषध कुटलं जात होतं!

इथून समोर जो सरळ, रुंद रस्ता जातो तो स्ट्राडुन. लांबी जेमतेम तीनशे मीटर. त्याच्या फरशा लाखो पावलांनी घासून इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत की पाऊस पडला की त्यात दिव्यांची प्रतिबिंबं दिसतात. फार पूर्वी इथे रस्ताच नव्हता, दलदल होती. अलीकडे जमीन, पलीकडे खडकावरचं गाव आणि मध्ये चिखल-पाणी. गावकऱ्यांनी ते बुजवलं आणि त्यावर गावाचा मुख्य रस्ता झाला.

सरदाराचा हात आणि महिन्याचा राजा

स्ट्राडुन जिथे संपतो त्या चौकात १४१८ साली एक दगडी खांब उभारला गेला. त्यावर ओर्लांडो नावाच्या शूर सरदाराची मूर्ती कोरलेली. पण व्यापारी मंडळींना त्याच्या तलवारीपेक्षा त्याच्या हाताचं महत्त्व जास्त होतं, बरं का. कापड मोजायचं गावचं माप म्हणजे या ओर्लांडोचा हात, ५१.२ सेंटीमीटर! त्या मापाला ‘लाकत’ म्हणत. ‘लाकत’ म्हणजे कोपर. आपल्याकडेही पूर्वी कापड हातानेच मोजत. पण दुकानदाराचा हात आखूड असला तर? म्हणून डुब्रोव्हनिकमध्ये सगळ्यांसाठी एकच दगडी हात. वाद झाला की चला चौकात आणि घ्या मोजून!

शेजारच्या स्पोन्झा वाड्यात जकातघर होतं. तिथे मालाचं वजन होई त्या जागी एक लॅटिन ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ असा, की आमची वजनं फसवणूक करू देत नाहीत आणि मी माल तोलत असतो तेव्हा देव मला तोलत असतो. व्यापारावर जगणाऱ्या गावाला माहीत होतं की एकदा विश्वास गेला की दुसऱ्या दिवशी बंदरात जहाज येणार नाही.

आता जरा पुढे चला. हा रेक्टरचा वाडा. १३५८ पासून १८०८ पर्यंत डुब्रोव्हनिक हे जवळजवळ स्वतंत्र, छोटंसं गणराज्य होतं. राजा नव्हता, गावातली उमराव घराणी कारभार पाहत. त्यांच्यातून एक प्रमुख निवडत, त्याला रेक्टर म्हणत. रेक्टरची मुदत किती होती, सांगा पाहू? पाच वर्षं? एक वर्ष? नाही. फक्त एक महिना! या महिन्यात त्याने वाड्यातच राहायचं. सरकारी कामाशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. रात्री वेशींच्या किल्ल्या त्याच्या ताब्यात. महिना संपला की दुसरा रेक्टर. एकाच माणसाच्या डोक्यात सत्ता जाऊ नये म्हणून ही सोय. सभागृहाच्या दारावर शब्द कोरले आहेत. त्यांचा अर्थ, ‘स्वतःचं विसरा, सगळ्यांचं पाहा.’ अर्थात, या ‘सगळ्यां’मध्ये मत द्यायचा हक्क मात्र उमरावांनाच होता, हेही लक्षात ठेवायला हवं. तरीपण याच गावाने १४१६ साली गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. त्या काळात ही मोठीच गोष्ट होती.

थांबा! आत यायचं नाही!

आता पूर्वेच्या वेशीकडे, प्लोचेकडे जाऊ. वेशीबाहेर समुद्राच्या काठाला ओळीने लांबच लांब दगडी दालनं आहेत. ही लाझारेती. आणि इथे आजच्या गोष्टीतली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट दडली आहे.

१३४८ साली युरोपात प्लेगची भयंकर साथ आली. डुब्रोव्हनिकमध्येही माणसं पटापट मरू लागली. रोगाचे जंतू असतात, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पण एवढं लोकांच्या ध्यानात आलं की रोग बाहेरून येतो, जहाजांबरोबर आणि मालाच्या तांड्यांबरोबर.

मग काय करायचं? बंदर बंद करून टाकायचं? पण गाव तर व्यापारावर जगत होतं. बंदर बंद म्हणजे चूल बंद. बरं, सगळ्यांना येऊ द्यावं तर मरण दारात. इकडे आड, तिकडे विहीर!

१३७७ साली गावाच्या महासभेने यातून तिसरी वाट काढली. साथीच्या मुलखातून येणाऱ्यांनी आधी मर्कान नावाच्या छोट्या बेटावर किंवा जवळच्या त्सावतात गावात एक महिना राहायचं. महिनाभरात कुणी आजारी पडलं नाही, तर या खुशाल आत! असा लेखी कायदा करणारं हे जगातलं पहिलं गाव मानतात. पुढे ठिकठिकाणी तीस दिवसांचे चाळीस दिवस झाले. इटालियन भाषेत चाळीसला ‘क्वारांता’ म्हणतात. आता ओळखा, कोणता शब्द तयार झाला? बरोबर, क्वारंटाइन! २०२० साली करोनाच्या साथीत तुमच्या घरात हा शब्द कितीदा तरी ऐकला गेला असेल. आपण पाहतो आहोत ती दालनं १५९० च्या सुमारास बांधायला घेतली आणि सतराव्या शतकात पुरी झाली. बाहेरून आलेले व्यापारी इथे मालासकट थांबत.

म्हणजे बघा, एके काळी या गावात शिरण्यासाठी पाहुण्याला महिनाभर दाराशी थांबावं लागे. आणि आज पाहुणा सहा तासांत गाव बघून परतही जातो!

कौलांचे दोन रंग

एव्हाना बारा वाजत आले असतील. तटावर चढून खाली पाहा. लाल कौलांची छपरंच छपरं. पण नीट पाहिलंत तर कौलांचे दोन रंग दिसतील. काही मातकट, पिवळसर, जुनी. बरीचशी भडक लाल, नवी. हा फरक का पडला?

या गावावर दोन मोठी संकटं कोसळली. पहिलं ६ एप्रिल १६६७ रोजी. त्या दिवशी मोठा भूकंप झाला. हजारो माणसं गेली, खुद्द त्या महिन्याचा रेक्टरही गेला. गावाने पुन्हा घरं बांधली. स्ट्राडुनवरची घरं तर एकसारखी, एका उंचीची बांधली.

दुसरं संकट माणसांनी आणलं. १९९१ साली युगोस्लाव्हिया नावाचा देश फुटत होता. क्रोएशियाने आपण स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं आणि युद्ध पेटलं. ऑक्टोबरमध्ये युगोस्लाव्ह सैन्याने डुब्रोव्हनिकला वेढा घातला. ६ डिसेंबर १९९१ या दिवशी जुन्या गावावर सगळ्यांत जास्त तोफगोळे पडले. जुन्या गावात आठशेच्या वर इमारती आहेत. युद्धात त्यांतल्या दर तीन इमारतींपैकी दोन इमारतींना मार बसला. हे गाव १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत होतं, तरी कुणी ऐकलं नाही. युद्ध थांबल्यावर गावकऱ्यांनी आणि जगभरच्या मदतनीसांनी छपरं पुन्हा शाकारली. भडक लाल कौलं ती तेव्हापासूनची. जुन्यासारखीच कौलं मिळवायची खूप खटपट झाली, पण रंग काही हुबेहूब जुळला नाही. एका अर्थी बरंच झालं. काय घडलं ते छपरंच सांगतात.

आणि आता गर्दी

युद्ध संपलं आणि पाहुणे परत येऊ लागले. गावाला आनंद झाला. हॉटेलं, खानावळी, दुकानं चालू लागली, पोरांच्या शाळेची फी निघू लागली. पण पाहुणे वाढतच गेले. जहाजं मोठी मोठी झाली, एकाच दिवशी अनेक येऊ लागली. शिवाय इथे चित्रीकरण झालेली एक इंग्रजी मालिका जगभर गाजली. ऑगस्ट २०१६ मध्ये एकाच दिवशी दहा हजारांहून जास्त लोकांनी तटावर चढायची तिकिटं काढली. तीनशे मीटरच्या रस्त्यावर मुंगीला जागा उरेना!

तटाच्या आत राहणाऱ्यांचे हाल झाले. शेजारचं वाण्याचं दुकान गेलं, तिथे आठवणीच्या वस्तूंचं दुकान आलं. वरच्या मजल्यावरचं कुटुंब गेलं, तिथे प्रवाशांच्या खोल्या झाल्या. दूध-पाव आणायला जायचं तर गर्दीतून वाट काढा. १९९१ च्या सुमारास जुन्या गावात पाचेक हजार माणसं राहत होती. २०१७ च्या सुमारास ती दीड हजारावर आली. भूकंपाने आणि तोफांनी गाव रिकामं झालं नाही, पण कौतुकाने होऊ लागलं. कसली ही गंमत!

आता काय करायचं? जहाजं बंद करायची? करोनाच्या काळात सगळं बंद झालं होतं, तेव्हा स्ट्राडुन ओस पडला आणि कित्येकांचं काम गेलं. म्हणजे पाहुणे नकोत असंही म्हणता येत नाही. पुन्हा तोच पेच, इकडे आड आणि तिकडे विहीर. आणि गावाने उत्तरही जुन्याच पद्धतीचं शोधलं. वेस बंद करायची नाही आणि सताड उघडीही टाकायची नाही. २०१९ पासून एका दिवशी जास्तीत जास्त दोन मोठ्या प्रवासी जहाजांचा नियम आला. आत किती माणसं आहेत ते मोजायला वेशींवर कॅमेरे बसवले. २०२३ मध्ये पाहुण्यांना विनंती केली, की दगडी गल्ल्यांमधून चाकांच्या बॅगा खडखडत ओढू नका, लोकांची झोपमोड होते. १३७७ मध्ये भीती रोगाची होती, आता गर्दीची आहे. पण पाहुण्याला ‘जरा थांबा, बेताने या’ असं सांगायला हे गाव तेव्हाही कचरलं नाही, आताही कचरत नाही.

हे सगळं फार लांबचं वाटतं का? आपल्या पणजीत फोंताइन्हास नावाची जुनी वस्ती आहे. रंगीत भिंती, नक्षीदार खिडक्या. तिथे इतके लोक फोटो काढायला येतात की काही घरांवर ‘इथे फोटो काढू नका’ अशा पाट्या लागल्या आहेत. मुरगाव बंदरातही अशीच प्रवासी जहाजं येतात आणि त्यांचे पाहुणे थोडक्या तासांत जुनं गोवं बघून परततात. आपणही मे महिन्याच्या सुट्टीत कुणाच्या तरी गावाचे सहा तासांचे पाहुणे असतोच की! किल्ल्यावर नाव कोरणारा, कुणाच्या ओसरीवर चढून फोटो काढणारा, पाण्याच्या टाक्यात प्लास्टिकची बाटली टाकणारा पाहुणाही परदेशातून आलेला नसतो.

तर सव्वा वाजला! परत निघण्याआधी शेवटची गोष्ट. स्ट्राडुन सोडून कुठल्याही एका बाजूच्या गल्लीत शिरा. पायऱ्याच पायऱ्या दिसतील. वर दोन घरांच्या मध्ये दोरीवर कपडे वाळत असतील. कुठल्या तरी खिडकीतून तळणीचा वास येईल, कुणी आजीबाई कुंडीतल्या रोपाला पाणी घालत असतील. त्यांच्याकडे कॅमेरा रोखू नका. तिकडच्या भाषेत नमस्कार करा, ‘दोबार दान!’ म्हणजे शुभ दिवस. तटाची लांबी उद्या विसरलात तरी चालेल, पण गावात माणसं राहतात हे विसरू नका. सहा तासांत एवढं कळलं तरी फेरी वसूल!

करून पाहा

१. आपल्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. मग आईचं, बाबांचं, आजीचं मोजा. ओर्लांडोच्या ५१.२ सेंटीमीटरशी कुणाचा हात जुळतो? घरात किती वेगवेगळी मापं निघाली? आता सांगा, दगडी हाताची गरज का पडली असेल?

२. तुमच्या गावाला वेस होती का? आजोबा-आजींना विचारा. ती कुठे होती, रात्री बंद होत असे का, आज तिथे काय आहे?

३. समजा, उद्यापासून तुमच्या गल्लीत रोज तीन हजार पाहुणे येणार आहेत. त्यांच्यासाठी पाच नियम लिहा. पण एक अट आहे. नियम असे हवेत की पाहुणे परत यावेत आणि शेजारीही गाव सोडून जाऊ नयेत. नियम आमच्याकडे जरूर पाठवा. लिहून पाहाल तेव्हा डुब्रोव्हनिकच्या महासभेपुढचं काम किती अवघड होतं ते कळेल!

पुढच्या आठवड्यात भेटू, दुसऱ्या एका गावाच्या वेशीवर. तोवर, दोबार दान!